खोक्यावरचे तास

८ जानेवारी

प्रिय मावशी,

पत्रात आधी तब्येत विचारतात, म्हणून विचारतो. गुडघा कसा आहे? बरा असेल. आता मुद्द्यावर येतो.

मी फोनवर ओरडतो, म्हणून "यापुढे काय बोलायचं ते कागदावर लिही, पाकीट चिकटवेपर्यंत तरी डोकं थंड होईल" अशी तू अट घातलीस. दिव्याच्या दुकानातली ही नोकरी तुझ्या शब्दावर मिळाली, त्यामुळे अट मुकाट्याने पाळतोय. मालक अधूनमधून म्हणतात, "तुझी मावशी हॉस्पिटलात वायरमन आहे, तिच्यासारखी बाई मी पाहिली नाही." हे कौतुक आहे की तक्रार ते मला अजून कळलेलं नाही.

आणि आईला सांग, मला कॉलेजातून काढलेलं नाही, मीच कॉलेज सोडलं. तिसऱ्या वर्षाला चाळीस पोरांसमोर सरांनी माझी प्रयोगवही वर धरली आणि विचारलं, "ही रीडिंग कुठून आणली?" म्हणजे सरळ चोरच ठरवलं की! मी वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि बाहेर पडलो. वर्षं वाया गेली तर गेली. मान ताठ आहे.

आता खरी बातमी. आमच्या दुकानासमोर सार्वजनिक वाचनालय आहे आणि तिथे ती आहे. सहा महिन्यांच्या बोलीवर लागलीय. कोणी खुसपुसलं की ती बोलत नाही, फक्त भिंतीवरच्या "शांतता राखा" या पाटीकडे बोट दाखवते. तिचं नाव विचारायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून मी मनात तिला शांतता म्हणतो. मावशी, मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, पण तिने नुसतं बोट दाखवलं तर मी श्वाससुद्धा हळू घेतो.

तर वाचनालयाच्या समितीने तिच्यावर पहिलंच मोठं काम टाकलंय. सगळे जुने दिवे काढून कमी विजेचे बसवायचे. कुठले घ्यायचे ते तिने ठरवायचं. एप्रिलअखेर बैठक आहे, त्यात तिची नोकरी पक्की करायची की नाही ते बघणार, आणि सगळं या दिव्यांवर अडलंय. ती दुकानात आली. म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही. कुठला किती टिकतो, किती वीज खातो, शेवटी कुठला स्वस्त पडतो, असा एक तक्ता करून द्याल?"

द्याल! मला 'द्याल' म्हणाली!

एका दुपारी तक्ता तयार. जुना तारेचा बल्ब: साठ वॉट, हजार तास. वेटोळ्याचा सीएफएल: चौदा वॉट, आठ हजार तास. निळ्या खोक्यातला एलईडी: नऊ वॉट, पंचवीस हजार तास, आणि किंमत सीएफएलपेक्षाही कमी. खाली लाल शाईने निष्कर्ष लिहिला: टेबलांवर एलईडी, जिन्यात सीएफएल. (सीएफएलचा जुना साठा मालकांना संपवायचाय, पण ते तक्त्यात लिहायचं कारण नाही.) तिने तक्ता दोनदा वाचला आणि म्हणाली, "तुमचं अक्षर छान आहे."

मावशी, हे प्रेम नाही तर काय आहे?

तुझा,
फ्यूज
(तूच ठेवलेलं नाव. आता दुकानातही तेच झालंय.)

*

१५ जानेवारी

प्रिय फ्यूज,

गुडघा दुखतो. पुढच्या वेळी उत्तर यायच्या आधीच "बरा असेल" असं लिहू नकोस.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. ऑपरेशन थिएटरचे दिवे मीच बघते हे तुला माहीत आहे. तिथे दिवा गेला तर सर्जन माझ्या अक्षराचं कौतुक करत नाही.

तुझ्या तक्त्याबद्दल मला एवढंच कळलं नाही: पंचवीस हजार तास तू मोजलेस कधी? दिवा रात्रंदिवस चालू ठेवला तरी पंचवीस हजार तास व्हायला तीन वर्षं होत येतात. तुला दुकानात लागून झाले सात आठवडे. का शाळेत असतानाच लावून ठेवला होतास?

आणखी दोनच गोष्टी विचारते. ते दिवे उघड्यावर आहेत की कशाच्या आत? आणि दिवसातून किती वेळा चालू-बंद होतात? याची उत्तरं आधी दे, मग तुझी शांतता 'द्याल' म्हणाली का 'दे' म्हणाली ते बघू. माणूस दुकानदाराला 'द्याल'च म्हणतो. मी पालेवाल्यालाही म्हणते.

त्या मुलीची नोकरी पक्की व्हायचीय हे तूच लिहिलंयस. तू एका दुपारी खरडलेल्या कागदाखाली सही मात्र तिची असणार. घाई करू नका.

तुझी,
मावशी

*

२२ जानेवारी

मावशी,

उशीर झाला. म्हणजे मला नाही, तुला. ऑर्डर गेली, दिवे आले, परवा वीस तारखेला बसवूनही झाले. कागदावर तिची सही आहे, हो, आणि सही करताना तिने तक्ता पुन्हा उघडूनही बघितला नाही, कारण तिचा माझ्यावर विश्वास आहे. सगळ्यांना ते जमत नाही.

पंचवीस हजार तास कुठून आणले म्हणतेस? खोक्यावर छापलंय! खोकं काय खोटं बोलेल? कंपनीतले लोक काय मूर्ख आहेत? तू तर अगदी आमच्या सरांसारखी विचारतेस.

अठ्ठेचाळीस टेबलं, अठ्ठेचाळीस दिवे, सगळे मी एकट्याने बसवले. काय सुंदर दिवे आहेत ते, तू बघायला हवेस! जाडजूड पितळी टोप, आणि टोपाच्या तोंडाशी चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली दुधी काच. आत मुंगी शिरायची सोय नाही. प्रत्येक टेबलावर छोटी पितळी पट्टी: 'उठताना दिवा बंद करा.' आणि लोक करतात गं! पाणी प्यायला उठले, बंद. पुस्तक बदलायला उठले, बंद. तिची शिस्तच तशी आहे. जिन्यात तर तिने बटण बसवून घेतलंय. दाबलं की दिवा लागतो, मिनिटभराने आपोआप विझतो. दिवसभर नुसती टकटक चालू.

मी स्टुलावर उभा राहून टोपाचे स्क्रू पिळत होतो आणि ती खाली एकेक दिवा हातात घेऊन मला देत होती. अठ्ठेचाळीस वेळा. शेवटचा दिवा देताना म्हणाली, "सात वर्षं बघायला नको ना आता?" मी म्हणालो, "सात वर्षांनी मीच येईन बदलायला." ती हसली. तू तिथे नव्हतीस, म्हणून तुला शंका येतात.

फ्यूज

*

२ मार्च

प्रिय मावशी,

तुझ्यावरचा राग गेला. आनंदात असलेल्या माणसाला राग परवडतो, पण ठेवायला जागा नसते.

ती रोज येते! रोज म्हणजे दोन-तीन दिवसांआड, पण माझ्या हिशेबाने रोजच. आणि रिकाम्या हाताने येत नाही. एकेक दिवा रुमालात गुंडाळून आणते, काउंटरवर ठेवते आणि म्हणते, "हा बदलून मिळेल का?" मी क्षणात बदलून देतो. दोन वर्षांची हमी आहेच, शिवाय तिला मी चंद्रही बदलून दिला असता.

आता नीट ऐक. प्रत्येक दिव्याच्या बुडाशी तिने काळ्या पेनाने बारीक अक्षरात दोन तारखा लिहिलेल्या असतात. पहिली कायम २० जानेवारी, म्हणजे आम्ही दोघांनी मिळून दिवे बसवले तो दिवस! दुसरी वेगवेगळी. बहुतेक ती दुकानात यायचं ठरवते तो दिवस. असं कुणी उगाच लिहितं का? मी आजपर्यंत एका मुलीला ओळखत होतो, तिला माझी जन्मतारीखही आठवत नसे.

असे अकरा दिवे जमलेत. मालकांना देऊन टाकायचे असतात, पण मी माझ्या खोलीत खिडकीच्या कडेला ओळीने मांडून ठेवलेत. मला दाट शंका आहे की ती चांगलेच दिवे काढून आणते. लावून बघितले का विचारशील, तर नाही. असल्या वस्तू कुणी होल्डरला लावून तपासतं का?

मी तिच्याकडून कवितांचं एक जाडजूड पुस्तक आणलंय. वाचून झालं की मनातलं बोलणार आहे. जरा सोप्या कविता असत्या तर आत्तापर्यंत बोललोही असतो.

तुझा आनंदी,
फ्यूज

ता.क. जिन्यातले चारही सीएफएल गेले. काहीतरी व्होल्टेजचा घोळ असणार.

*

९ मार्च

प्रिय फ्यूज,

तुझं पत्र आमच्या वर्कशॉपमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. लिफ्टवाला हसून हसून खुर्चीवरून पडला. त्याला लागलेलं नाही.

बाळा, मी पंचवीस वर्षं प्रत्येक दिव्याच्या बुडाशी दोन तारखा लिहीत आले. पहिली जन्माची, दुसरी मरणाची. ज्याला आपला दिवा किती टिकतो हे जाणून घ्यायचं असतं तो तसंच करतो. तुझी शांतता तुला प्रेमपत्रं आणून देत नाहीय. ती तुझ्यापुढे मढी आणून ठेवतेय, आणि तू त्यांची खिडकीत आरास केलीयस.

आता उठ आणि खिडकीतला पहिला दिवा हातात घे. दुसरी तारीख काय आहे? समजा २४ फेब्रुवारी असली. सुट्ट्या सोडून तीस दिवस, वाचनालय रोज दहा तास उघडं. म्हणजे फार तर तीनशे तास. तारेचा जुना बल्ब हजार तास जगायचा, आणि बिचाऱ्याने कधी बढाई मारली नाही.

कारणं तूच लिहून पाठवलीयस, फक्त तुला वाचता आली नाहीत. एलईडीचा उजेड देणारा दाणा टिकतो खूप. खोक्यावर तास छापलेले असतात ते त्याचे. पण त्याच्या बुडात वीज पचवणारा एक छोटा जोड असतो, ड्रायव्हर म्हणतात त्याला. त्याला गरमी सोसत नाही. उघड्यावर, हवेत, तो वर्षानुवर्षं जगेल. तू त्याला पितळी टोपात घातलास, वर काच लावलीस, चार स्क्रू आवळलेस आणि मुंगी शिरत नाही म्हणून मला अभिमानाने कळवलंस. मुंगी शिरत नाही तिथून गरमी तरी कशी निघेल? त्यात तुझा निळा खोकेवाला स्वस्तातला. त्याच्या बुडाला धातू नावालाच.

सीएफएलचं उलट. त्याला लावून ठेवलं तर तो मुकाट्याने जळत राहतो, पण प्रत्येक वेळी पेटताना त्याची थोडी झीज होते. त्याला तू टकटक बटणाच्या जिन्यात टांगलास. बरोबर उलटं केलंस सगळं. ठरवूनही इतकं जमत नाही.

ज्याला स्वस्त म्हणालास तो वर्षातून आठ वेळा बदलावा लागला, तर तिप्पट किमतीचा चांगला दिवा त्याच्यापुढे फुकट पडतो. हे तक्त्यात असायला हवं होतं.

आणि हसून झाल्यावर मला रागही आला, तो यासाठी: प्रत्येक मेलेल्या दिव्याबरोबर त्या मुलीची नोकरी एक पायरी खाली जातेय. तू मात्र दर वेळी काउंटरमागून दात काढतोयस. समितीसमोर जा आणि ते तास कुठून आले ते सांग.

मावशी

*

१४ मार्च

मावशी,

लिफ्टवाल्याला माझं खासगी पत्र वाचून दाखवलंस!

तुला प्रेमातलं काही कळत नाही. तुला फक्त वायरी कळतात. मढी म्हणे! माझ्या तक्त्यात एकही आकडा मी मनाने घातलेला नाही. जो छापलाय तो लिहिलाय. मी समितीसमोर जाऊन काय सांगू, की मला वाचता येतं?

यापुढे मी पत्र लिहिणार नाही. हे शेवटचं.

(सही नाही, कारण तुला माहीत आहे कोण.)

*

२ एप्रिल

सविनय नमस्कार.

आपण मला ओळखत नाही. मी वाचनालयात काम करते. आपलं ९ मार्चचं पत्र मला परत आलेल्या एका कवितासंग्रहात सापडलं. पाकिटासकट पान तीनवर खूण म्हणून घातलं होतं. ते पुस्तक तीन वेळा मुदत वाढवून नेलेलं होतं. दुसऱ्याचं पत्र वाचणं वाईट, हे मला कळतं. पण पहिल्याच ओळीत लिफ्टवाला पडला, आणि पुढे माझेच दिवे निघाले. राहवलं नाही. क्षमा करा.

पत्ता पाकिटावर होता म्हणून लिहिते आहे. आजपर्यंत सत्तावीस दिवे गेले. बदलून मिळालेलेही जातात. मी तारखा लिहायला लागले कारण माझे वडील कंपाउंडर होते आणि औषधाच्या प्रत्येक बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहीत. मला वाटलं होतं, माझंच काही चुकतंय. आम्ही काच जास्त पुसतो की काय, असंही एकदा वाटलं. आपलं पत्र वाचून पहिल्यांदा कळलं की दोष पुसण्यात नाही.

सव्वीस एप्रिलला समितीची बैठक आहे. दिव्यांच्या कागदावर सही माझी आहे. एक सदस्य आत्ताच म्हणू लागलेत, "हिला दिवे निवडता येत नाहीत, ही पुस्तकं काय निवडणार?" तक्ता दुकानातून आला होता हे मी सांगू शकते. पण मी तो न तपासता पुढे केला, हेही तेवढंच खरं आहे.

मला फक्त एवढंच सांगा: आता नवे दिवे घ्यायला पैसे मिळणार नाहीत. आहेत त्यातच काही करता येईल का?

राहिला आपल्या भाच्याचा प्रश्न. आपल्या पत्रातून मला बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या. मी त्याच्याकडे पाहून हसते, हे खरं. तो स्टुलावरून स्क्रू तोंडात धरून बोलतो, हसू येणारच. दिवा बदलून देताना तो दर वेळी विचारतो, "उजेड आवडला का?" मी दर वेळी सांगते, "होता तोवर आवडला." यात त्याने काय ऐकलं ते मला माहीत नव्हतं.

आपली,
वाचनालयातली (जिला आपल्या पत्रात शांतता म्हटलेलं आहे)

*

८ एप्रिल

प्रिय शांतता,

तू पत्र वाचलंस ते बरं केलंस. ज्याच्यासाठी लिहिलं होतं त्याने ते खूण म्हणून वापरलं.

पैसे लागणार नाहीत. एक स्क्रूड्रायव्हर लागेल. अठ्ठेचाळीस टोपांच्या काचा काढून टाक. टोप खालून उघडा राहू दे, दिवा श्वास घेईल. जिन्यात सीएफएल नकोत, एलईडीला चालू-बंदचं काही वाटत नाही. म्हणजे टेबलावर मरतोय तोच दिवा जिन्यात सुखाने नांदेल. निम्मी तुझी अडचण इथेच सुटली. पुढे कधी दिवे घ्यायची वेळ आली, तर बंद टोपात चालतो असं लिहिलेला, बुडाला जाड धातू असलेला घे. महाग पडेल आणि पुन्हा बघावं लागणार नाही.

पण समितीला माझं पत्र दाखवू नकोस. म्हातारीने सांगितलं, यालाही कुणी पुरावा म्हणत नाही. खोक्याने सांगितलं त्याच्याहून ते फार वेगळं नाही. मोजून दाखवायला हवं. आणि मोजायचं काम तुझं नाही. कुणाचं ते तुला माहीत आहे. हेच पत्र त्याच्यापुढे ठेव. माझी पत्रं तो घेत नाही, तुझ्या हातून घेईल.

त्याच्या वतीने माफी मी मागणार नाही. त्याला तोंड आहे, आणि ते तो इतर वेळी भरपूर वापरतो.

मावशी

*

२८ एप्रिल

प्रिय मावशी,

शेवटचं पत्र मी गेल्या महिन्यातच लिहिलं होतं. हे त्याच्यानंतरचं.

गुडघा कसा आहे? उत्तर आल्यावर पुढचं लिहितो असं म्हणणार होतो, पण तेवढा धीर नाही.

ती अकरा तारखेला दुकानात आली. या वेळी रुमाल नव्हता, खोकं होतं. माझ्याकडच्या अकरांनंतर गेलेले वीस दिवे तिने काउंटरवर एकापुढे एक मांडले, बूड माझ्याकडे करून. मालक जेवायला गेले होते, देव आहे असं त्या दिवशी वाटलं. मग तिने तुझं पत्र माझ्यापुढे ठेवलं. मी वाचलं. 'खोक्याने सांगितलं' इथे आलो आणि माझे कान तापले.

मी म्हणालो, "तू माझं पत्र वाचलंस?"

ती म्हणाली, "तू माझे दिवे वाचले नाहीस."

मावशी, ती मला 'तू' म्हणाली. एरवी मी याच्यावर दोन पानं लिहिली असती.

मी भडकलो. तुला माहीत आहे मी कसा भडकतो. म्हणालो, कंपनी खोटारडी, मालक लबाड, समिती मूर्ख, टोप बनवणारा गाढव. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हात वर करून बोट दाखवलं. आमच्या दुकानात ती पाटी नाही. तरी मी गप्प झालो. मग तिने विचारलं, "पंधरा दिवस आहेत. मोजशील?"

संध्याकाळी मी खिडकीतले दिवे एकेक करून होल्डरला लावले. अकराच्या अकरा मेलेले. मी त्यांच्या उजेडात कविता वाचायचं ठरवलं होतं.

खोलीत फळी ठोकली. सहा होल्डर. निळ्या खोक्यातले तीन नवे दिवे उघड्यावर, तीन बिस्किटांच्या बंद डब्यांत. सगळे एकदमच लावले. शिवाय एक सीएफएल, त्याला बटण. दुकानातून आलो की बटणाशी बसायचं, चालू, बंद, चालू, बंद, आणि प्रत्येक शंभराला वहीत एक रेघ. दिवसाला तीनशे. बोटाला घट्टा पडलाय. शेजारच्या काकूंना वाटलं मला काहीतरी झालंय. तशा त्या चुकल्या नव्हत्या.

बाराव्या दिवशी, दोनशे अठ्ठ्याऐंशी तासांनी, एका डब्यातला दिवा गेला. दुसरा तेराव्या दिवशी. तिसरा बैठकीच्या सकाळीही जळत होता, पण लुकलुकत होता. डब्याला हात लावला तर चटका बसला. उघड्यावरचे तिन्ही जसेच्या तसे. सीएफएल तीन हजार दोनशे चाळिसाव्या खेपेला गेला. जिन्यात तेवढ्या वेळा बटण तीन आठवड्यांत दाबलं जातं, हे तिने मोजून सांगितलं. दिवा विझला तेव्हा मी आनंदाने ओरडलो, आणि मग पहिल्यांदा लक्षात आलं, की एवढ्या वर्षांत एखादा आकडा निघताना मी स्वतः समोर बसलोय असं कधी झालंच नव्हतं.

बैठकीत पाच जण होते. अध्यक्ष निवृत्त दातांचे डॉक्टर, अजूनही माणसाशी बोलताना त्याच्या तोंडात बघतात. ते सदस्य होतेच, ज्यांना ती पुस्तकं निवडू शकेल असं वाटत नाही. मी आमचा जुना तक्ता, लाल शाईचा, टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी तो उचलला, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे आकडे कुठून आणले?"

अगदी तेच वाक्य. तोच सूर. माझा हात वही आपटायला वर गेलासुद्धा. समोर ती बसली होती, नोंदवही मांडीवर घेऊन, आणि माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर मी नक्की काहीतरी शूर बोललो असतो.

मी म्हणालो, "खोक्यावरून उतरवले. एकही मोजला नाही. यांनी विश्वासाने सही केली. चूक माझी आहे." मग फळी, डबे, वही, तिच्या खोक्यातले वीस आणि माझ्या खिडकीतले अकरा असे एकतीस दिवे, सगळं दाखवलं. काचा तिने आधीच काढल्या होत्या. बारा तारखेनंतर टेबलावरचा एकही दिवा गेलेला नाही, हे तिच्या तारखांवरून दिसत होतं. ते सदस्य म्हणाले, "पण काचा काढल्यावर टोप बोडके दिसतात." यावर चर्चा वीस मिनिटं चालली. दिव्यांवर पाच मिनिटं.

तिची नोकरी पक्की झाली. तीन विरुद्ध दोन. बोडक्या टोपांसाठी उपसमिती नेमलीय.

माझी गेली. खोकी खोटं बोलतात असं समितीत सांगणारा नोकर मालकांना परवडत नाही. त्यांचंही बरोबर आहे, दुकान खोक्यांवरच चालतं. तू माझ्यासाठी टाकलेला शब्द मी वाया घालवला, मावशी. तेवढ्यापुरती माफी मागतो. लिफ्टवाल्याला हे वाचून दाखवलंस तरी चालेल.

आता दुसरं. हे आईला आत्ताच सांगू नकोस, मीच सांगेन. काल मी कॉलेजात गेलो. सर प्रयोगशाळेत होते, माझ्याकडे त्यांनी ओळख नसल्यासारखं बघितलं. मी म्हणालो, "सर, ती रीडिंग माझी नव्हती. आदल्या वर्षीच्या एका मुलाच्या वहीतून उतरवली होती. मीटरला मी हातही लावला नव्हता." ते म्हणाले, "मला माहीत होतं. तुझ्या वहीत त्या मुलाची चूकसुद्धा उतरली होती." मग म्हणाले, "जूनमध्ये अर्ज कर. आणि मीटर आपला आपण जोडायचा." चोर म्हणून मी त्यांच्यावर दीड वर्ष चिडून होतो, आणि माणसाने तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता. तो मीच घातला होता. बाकी सगळे आकडे दुसऱ्याचे, तेवढा एकच शब्द माझा.

मग काल संध्याकाळीच तिच्याकडे वाचनालयात गेलो. कवितांच्या पुस्तकाचा राहिलेला दंड भरला. (पान तीनच्या पुढे गेलो नाही, हे कबूल केलं. ती म्हणाली, ते पुस्तक तसंही फारसं कुणी नेत नाही.) मी मनातलं बोलणार होतो. स्क्रू तोंडात नव्हता, तरी बोलता येईना. तिने टेबलाच्या खणातून एक दिवा काढून माझ्यापुढे ठेवला. चांगला, महागातला, बुडाला जाड धातू असलेला. बुडाशी तिच्या अक्षरात एकच तारीख होती. कालची.

मी विचारलं, "दुसरी?"

ती म्हणाली, "ती तू घालायची. मोजून."

दिवा खोलीतल्या फळीवर लावलाय, उघड्यावर. यात काय आहे आणि काय नाही, ते या वेळी मी ठरवलेलं नाही. आत्तापर्यंत एकोणीस तास झालेत.

तुझा,
फ्यूज